तिसरा चेंडू

केसपेपरवर लिहिलंय: धाकू कोयंडे, वय एकसष्ट.
व्यवसाय चिरेखाण, आणि त्यावर काट.

जामसंड्याच्या दवाखान्यात दिला मला
प्लास्टिकचा डबा, तीन नळ्या, तीन चेंडू.
श्वास ओढायचा, चेंडू उचलायचे.
पहिला उडाला. दुसरा लटपटला.
तिसरा तळाशी बसून राहिला,
साहेब जेवायला गेल्यावरच्या शिपायासारखा.

आश्लेषा बाबर, सांगोल्याची पोर, म्हणाली,
काका, तुम्ही श्वास घेत नाही, गिळता.
खांदे खाली. तोंड मिटा. पोट हलू दे.
चारात आत, सहात बाहेर,
लाटेसारखं बघा, शांत, एकसारखं.

मी हसलो, मग बराच वेळ खोकलो.
तिला लाट कुठे माहीत.
आषाढात दर्या कुत्र्यासारखा धापा टाकतो
आणि मार्गशीर्षात एखाद्या दुपारी
श्वास घ्यायचाच विसरतो.

सव्वीस वर्षं कटर चालवला.
तांबडी धूळ डोळ्यांत, भाकरीत,
लेकीच्या लग्नाच्या फोटोतही माझ्या भुवया तांबड्या.
यंत्राच्या वर आवाज काढायचा म्हणून
तोंड कायम उघडं.
नाक फक्त बांगडा ताजा की शिळा, एवढ्यापुरतं.

खाडीपासून घरापर्यंत घाटी आहे,
एकशे नऊ पायऱ्या, मीच कापलेल्या चिऱ्यांच्या.
बत्तिसावीवर थांबायचो,
चपलेतला खडा काढतोय असं दाखवत.
चपलेत खडा नसायचा.

एका पहाटे भावाचा नातू खाडीत पाग टाकत होता.
दोरी मनगटाला, अर्धं जाळं कोपरावर,
कड दातात.

आणि मला आठवलं: नऊ वर्षांचा मी,
गुडघाभर पाण्यात, जिभेवर शिशाची चव,
बोयांचा थवा टप्प्यात येईपर्यंत उभा.
दातात जाळं, म्हणजे तोंड मिटलेलंच.
श्वास नाकानं, हळू,
पाण्याला कळणार नाही असा.
कोणी शिकवलं नव्हतं.
आकडे तर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सुतळीचा तुकडा दातात धरला
आणि घाटी चढलो.
"धाकू, दात दुखतत काय रे?"
उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तोंड लागतं.
चौसष्ट पायऱ्या.
पंधरवड्यानं अठ्ठ्याऐंशी.
मग पावसाळा आला, दमट हवा छातीवर बसली,
पुन्हा एक्केचाळीस.
सुतळी खिशात ठेवली, टाकली नाही.

दिवाळीनंतर बाबरबाईंनी कागदी पट्टी दिली.
झोपण्याआधी अर्धा तास, जागेपणी,
ओठांवर उभी लावायची, मधोमध.
शेवंतीनं ती स्वतःच्या हातानं लावली, दाबून.
"चाळीस वर्सां सांगतंय, जरा तोंड मीट.
माझा आयकलंस नाय, त्या पोरीचा आयकतस."

मग कुळीथ निवडत बसली,
आणि अर्ध्या तासात मधे कोणी बोललं नाही म्हणून असेल,
सुपाकडे बघतच म्हणाली,
"म्हायारी कालवां काढताना
साठ मोजीसर पाण्याखाली रवयचंय मी.
लगीन झाला, नि पाणी फक्त बावडेचा उरला."

मला विचारायचं होतं.
कुठल्या खडपाशी, कुणाबरोबर,
मला कधी का नाही सांगितलंस.
पट्टीला ओठ ओढले गेले.
चारात आत घेतला.
सहात सोडला.
ती पुढे सांगत राहिली. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता,
पट्टी मी काढली नाही.

सकाळी तिनं डबा उचलला,
नळीचं तोंड पदरानं पुसलं,
एकदाच ओढला.
तिन्ही चेंडू वर जाऊन टेकले, तिथेच थांबले,
मी मोजत होतो, अकरा, बारा,
चुलीवरचं दूध उतू जायला लागलं
तेव्हा तिनं ते खाली सोडले.