आलेखाखालची ओळ

भोसरीच्या शॉपमध्ये एकतीस वर्षं
मी इंजिनांचे व्हॉल्व्ह तुटेपर्यंत चालवले.
तुटेपर्यंत, हाच माझा हुद्दा.
टेस्ट बेंचवर पीस चढवायचा, काउंटर शून्यावर आणायचा
आणि डबा उघडून वाट बघायची.

म्हणून डॉक्टर रानवडे म्हणाले,
"टिशू व्हॉल्व्ह घालू, पंधरा वर्षं बघायला नको,"
तेव्हा शैलजाने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.
मी काय विचारणार, तिला ठाऊक.
पीस किती? वय काय त्यांचं?
आणि तुटला म्हणजे नेमकं काय झालं, असं तुम्ही लिहिता?

रानवडे हसले नाहीत. छापील पान पुढे सरकवलं.

रेष देखणी होती.
कर्वे रस्त्यासारखी, उतार आहे हे
फक्त सायकलवाल्याला कळावं.
पण माझा डोळा खाली गेला,
जिथे बारीक टाइपात उरलेल्यांची मोजदाद असते:
सुरुवातीला आठशे बारा,
पाचव्या वर्षी पाचशे चाळीस,
दहाव्याला एकशे सत्तर,
पंधराव्याला नऊ.

नऊ.
नऊ पीसवर मी लॉट पास केला असता
तर लांडगेसाहेबांनी मला गेटबाहेर उभं केलं असतं.

बाकीचे कुठे गेले?
झडपा नाही तुटल्या. माणसं गेली.
कुणी मूत्रपिंडाने, कुणी कर्करोगाने,
छातीतली झडप अजून चालू असताना.
रेष त्यांच्या नावाने एक बारीक उभी खूण करते
आणि पुढे निघते.
आणि ज्यांची झडप खरंच कडक झाली,
पण वय ब्याऐंशी,
पुन्हा छाती उघडायची कुणाची छाती झाली नाही,
ते? "पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही" या रकान्यात.
पास.

शिवाय त्या पानावरचं सरासरी वय चौऱ्याहत्तर.
शैलजा एकोणसाठ.
तरुण शरीरात झडपेवर चुना लवकर धरतो,
बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर धरतो तसा.

"धातूची घातली तर?"
धातूची तुटत नाही सहसा. पण जन्मभर रक्त पातळ ठेवायचं,
पुन्हा पुन्हा शीर टोचायची, मेथी-अळू मापात,
आणि शांत खोलीत ऐकू येणारी टिकटिक.
शैलजा म्हणाली, "टिकटिक करणारा एक आहे घरात."

रात्री विजेच्या बिलामागे गुणाकार मांडला.
दिवसाला लाखभर ठोके.
प्रयोगशाळेत झडप वीस कोटी वेळा उघडमीट करून बघतात,
म्हणजे पाचेक वर्षं.
पुढचं?
बेंच पर्वती चढत नाही.
बेंचला ताप येत नाही.
बेंच भाचीच्या लग्नात, नको सांगूनही, नाचत नाही.

दिवा घालवायच्या आधी ती म्हणाली,
"तुमचे ते नऊ. कुठले असतील हो?"
मी म्हटलं, नऊ हा आकडा फार लहान आहे.
"तसं नाही. पंधरा वर्षांनीही
कुणीतरी रिक्षा करून इकोला जातंय,
छातीवर तो गार जेल लावून घेतंय.
नऊ जणं आहेत."

एकतीस वर्षांत पीसला
मी कधी विचारलं नव्हतं, कसा आलास.

दुसऱ्या दिवशी रानवड्यांना एवढंच विचारलं:
माप मोठं बसेल का,
पुढेमागे हिच्यातच दुसरी मावेल असं?
ते म्हणाले, हा प्रश्न बरोबर आहे.
खात्री नाही दिली. त्यामुळे जरा बरं वाटलं.

वसुबारसेला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाय-वासरू आणलं.
शैलजा, टाके सुकलेली, ओवाळायला उतरली.
तिची झडप गाईच्या हृदयावरच्या पडद्याची.
सगळ्या बायका गेल्या तरी तिचा हात
गाईच्या मानेवरच होता.
मी चपला घालून लांब उभा राहिलो.

घरी येऊन नव्या वहीत रकाने आखले.
वर्ष: शून्य.
उरलेले: एक.
तिने चष्मा लावला, वाचलं,
माझ्याच पेनाने आकडा खोडला
आणि वर लिहिलं, दोन.