इंचाला आठ टाके

रहिमतपुरात, तेलाच्या घाण्याला लागून
मुकुंदा बोंगाळ्यांचं दुकान. पाटी नाही.
शाळेच्या खाकी चड्ड्या शिवायचे,
इंचाला आठ टाके.
चड्डी आखूड व्हायची, विटायची, धाकट्याकडे जायची,
शिवण उसवायची नाही.

हे त्यांना विमानानं शिकवलं होतं.

लढाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गेले होते
समुद्रकाठच्या कुठल्याशा तळावर.
नाव सांगायचे नाहीत. ‘बंदी हाय,’ म्हणायचे,
सत्याऐंशी साली.

‘इमान म्हंजी काय? कापाडच की.
जवसाच्या धाग्याचं. आपुन चटणी करतो त्या जवसाच्या.
लोखंडी फासळ्यांवर ताणायचं, वरनं रोगण.
केळाच्या गोळीवानी वास,
दुपारपातूर डोस्कं गरगरायचं.
पंख दोन मजली, मधी तारा.
बोटीवर जागा न्हाई म्हणून
कोंबडीगत पंख मिटून बसायचं बिचारं.
आन पोटाखाली एकच टारपेडो,
गुळाच्या चोवीस ढेपा तरी असंल वजन.’

एवढं घेऊन उडायचं हेच नवल.
आखूड डेकवरून, काळोखात, हलत्या लाटांवर;
चपळ विमानं दोर बांधून पडलेली
त्या हवेतही हे उठायचं.

आणि वेग?
इथं ते हसायचे, ओठांत टाचण्या धरूनच.
‘वारं समोरनं आलं का
खालची बोट फुडं, आमी मागं.’

टारपेडो सोडायचा तर पाण्याला लागून,
हळू, सरळ,
पट्टी धरून मारलेल्या शिवणीसारखं जायचं.
तेवढा वेळ वळायचं नाही.
तेवढा वेळ सगळ्या तोफांना ते दिसायचं.
चिलखत नाही, छप्पर नाही,
तिघं उघड्यावर, मागच्याच्या हाती एक बंदूक.

गोळे मात्र कापडातून आरपार जायचे,
फुटायचं विसरूनच.
अडायला काहीतरी लागतं, तेच नव्हतं.
सकाळी मुकुंदा सुई घेऊन हजर.
एकदा एकाच पंखाला एकोणतीस ठिगळं.
संध्याकाळी ते परत आभाळात.

मग एका दिवशी भर उन्हात
पाच गेली. लढाऊ विमानांची सोबत मिळणार होती, मिळाली नाही.
एक आलं.
त्यांनी त्याची भोकं मोजली, शिवली.
पेनरोज नावाच्या पोराच्या कोटाचा बंद तुटला होता,
‘सांजच्याला न्या,’ म्हटलं होतं त्याला खुणेनं.
कोट तिसऱ्या दिवशी कुणीतरी मागून नेला.
बंद लावलेला होता.

‘माघारी आल्याली भोकं मी शिवली,’ म्हणाले,
‘ती काय मारायची भोकं न्हवती.
मारणारी कशी असत्यात,
माज्या हाताखालनं कदी गेलीच न्हाईत.’

मग टेप काढला, माझी कंबर धरली.
बावीस. वहीत लिहिलं,
खडूचं बोट धोतराला पुसलं.
‘दोन इंच आत दाबून ठिवतो,’ म्हणाले,
‘वाढशील.’