मागची बाजू

गिऱ्हाईक परदेशातलं. ईमेलात एवढंच होतं:
अठराव्या होलच्या टोकाला एक रिसॉर्ट हवं,
डोंगरातलं, जुनं, कौलारू,
बघताक्षणी दुपारची झोप यावी असं.
मैदान तयार होतं. ऐंशी एकर गवत,
एका काडीला पाणी लागत नाही.

आमचं ऑफिस टिळकवाडीत, रेल्वे गेटाजवळ.
खाली कुंद्याचं दुकान; चारच्या सुमारास
दूध आटल्याचा वास जिन्यानं वर येतो
आणि सगळ्यांचे माऊस थांबतात.
गोल्फची काठी मी कधी धरलेली नाही.
कॅम्पातून जाताना एकदा कुंपणापलीकडं
पांढरा चेंडू बघितला होता, अंड्यासारखा, बेवारस.
तेवढ्या अनुभवावर बांधायला घेतलं.

जांभा खानापूरचा घेतला.
म्हणजे फोटो. रविवारी गाडी मारत जाऊन
बंद पडलेल्या कौल कारखान्याची भिंत
बावन्न तुकड्यांत मोबाईलमध्ये भरून आणली.
वॉचमन म्हणाला, 'काय गा, विकायलाय काय मालक?'
'नाही ओ, भिंत तेवढी नेतोय.'
'न्या की. हिथं कोण बघतंय.'

याच कारखान्यात बाबा कौलं वाजवायचे.
कामच ते: बोटाच्या पेरानं टकटक.
भाजलेलं कौल बोलतं, कच्चं गप्प बसतं.
घरी आले तरी हात थांबायचा नाही,
ताट, दार, माझं डोकं,
सगळं एकदा वाजवून बघायचे.

माझ्या छपराला एकवीस हजार कौलं झाली.
कॉम्प्युटर धापा टाकायला लागला.
भरमाण्णा हलगेकर मागं येऊन उभे राहिले:
'पोलिगॉन कमी कर. सपाट पत्रा ठेव,
वर कौलांचं चित्र चिकटव. लांबून कुणाला कळतंय?'
केलं.
एका क्लिकात एकवीस हजार गप्प.

मग पाटी.
शिवलीला हिरेमठनं खुर्ची वळवून विचारलं,
'कुठल्या अक्षरात?'
आमच्या गावात हा प्रश्न निघाला की चहा मागवतात.
चहा आला. दोनदा आला.
ती कन्नडात हसली, मी मराठीत,
आणि पाटीवर तिनं मोर काढला.

मागची बाजू बांधायची नव्हती.
कागदावर स्पष्ट होतं: कॅमेरा तिकडं जात नाही.
पुढं सज्जा, कमानी, वेताच्या खुर्च्या,
मागं काहीच नाही,
कुरतडलेल्या पावासारखी पोकळी.
रात्री नवानंतर, गेटावर मालगाडी अडकलेली असताना,
मी तिकडं गेलो.
एक नळ लावला. भांडी घासायचा दगड.
तारेवर तीन ॲप्रन, एक ओला.
चेंडू वेचायची बादली.
पायरीखाली चपलांचे चार जोड,
एकाचा अंगठा तुटलेला, पिन लावून चालवलेला.
माणूस एकही नाही. सगळे कामावर.

तीन आठवड्यांनी तक्रार आली.
कुणा टेस्टरचा फटका चुकला होता,
चेंडू छपरावरून घरंगळत मागं पडलेला.
त्यानं फोटो पाठवला, लाल गोल करून:
ह्या चपला कुणाच्या?

भरमाण्णांनी चष्म्यावरून बघितलं.
रागावले नाहीत. 'काढून सोड,' म्हणाले,
'मेमरी खातात.'
काढल्या. ॲप्रन, बादली, दगड, सगळं.
नळ राहिला.
विसरलो की ठेवला, विचारू नका.

कालच्या यादीत एकच काम उरलंय:
चेंडू छपरावर पडल्याचा आवाज.
तयार आवाजांच्या ढिगात पत्रा आहे, लाकूड आहे,
काच तर सतरा तऱ्हांची.
घरी माळ्यावर, गॅसच्या जुन्या शेगडीमागं
बाबांनी आणलेलं एक कौल आहे, खाली कंपनीचा ठसा.
आज रात्री काढतो.
बोलतंय का बघतो.