पासिंग

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसला, टायरवाल्याच्या पलीकडे
आमचं गॅरेज. बोर्डावर अजून नानांचंच नाव:
भिकाजी टेमकर, डिझेल मेकॅनिक.
माझं नाव लिहायला जागा आहे खाली,
पेंटर दर महिन्याला येतो म्हणतो.

जालिंदर ढमाल्यांची गाडी दोन हजार नऊची,
सहा चाकी. कपाळावर आईची पुण्याई, मागे काळी चप्पल.
पासिंगला नापास होऊन आली
तेव्हा ते खाली उतरलेच नाहीत.
स्टिअरिंगवर हात ठेवून बसले,
शाळेतून नाव काढलेल्या पोराचा बाप बसतो तसे.
"कुर्ल्याला भंगारात देऊ, की तू काही करतेस, वैजू?"

करते म्हटलं.

जुन्या सायलेन्सरचे बोल्ट सुटेनात.
पंधरा वर्षं गंजत एकमेकांत शिरलेले.
गॅसने तापवले, हातोडीने समजावले,
दोन तुटले, एकाने माझ्या अंगठ्याचं नख नेलं.
तिथे चढवला नवा डबा,
पोटात जाळी, मधाच्या पोळ्यासारखी.
धूर आत शिरणार, काजळी तिथेच बसणार,
बाहेर येणार नुसती ऊब.
किंमत सांगितली तेव्हा ढमाल्यांनी पिंक टाकली
आणि ती कुठे पडली
ते बराच वेळ बघत राहिले.

संध्याकाळी नाना आले, अँटॉप हिलवरून, काठी टेकत.
नाना धूर वाचायचे.
काळा, म्हणजे हवेला उपाशी.
निळा, म्हणजे ऑइल पिते.
पांढरा, म्हणजे पाणी शिरलंय, हेड खोला.
चाळीस वर्षं पाइपाशी नाक नेऊन घेतलेलं शिक्षण
आता रात्रभर उशीवर खोकतं.
मी स्टार्टर मारला.
नानांनी पाइपापुढे तळहात धरला,
उलटसुलट पाहिला,
रुमालाला पुसला. रुमाल पांढराच.
मग माझ्याकडे वळून, इरफानला ऐकू जाणार नाही इतपत,
"मेली का गं?"

नाही, नाना. चालू आहे.
बोलत नाही, एवढंच.

मशीनने चिठ्ठी दिली, आकडा बसला, शिक्का पडला.
तीन आठवड्यांनी ढमाल्यांचा फोन:
"पिवळा दिवा लागलाय, विझत नाही."
जाळी भरली की काजळी जाळावी लागते, मी म्हटलं,
जाळायला पाइप तापायला हवा,
तापायला गाडी पळायला हवी,
सलग अर्धा तास, न थांबता.
पलीकडे शांतता. मग हसू.
"अगं, शिवडी ते भाऊचा धक्का,
मी दुसऱ्या गिअरमध्ये म्हातारा झालो."

म्हणून रात्री दोनला निघालो, रिकाम्या गाडीने.
माल नाही, बिल्टी नाही,
धूर जाळण्यापुरतं डिझेल जाळत.
नाना मधल्या सीटवर, हट्टाने.
मानखुर्द गेलं, वाशीचा पूल आला,
नानांनी हात लांबवून माझ्या बाजूची काच खाली केली,
नाक पुढे केलं, सवयीने,
आणि म्हणाले, "भरती आहे."
खाडीचा वास होता तो. चिखलाचा, खारा, थोडा नासका.
ढमाले म्हणाले, वीस वर्षं जातोय इथून,
मला वाटायचं खाडीला डिझेलचाच वास येतो.
खारघरपुढे दिवा विझला.
कोणी टाळी वगैरे वाजवली नाही.
कळंबोलीला चहा प्यायलो आणि मागे फिरलो.
नाना येताना खोकले, नेहमीइतकेच.

वर्षाने जाळी उतरवून साफ केली.
करडी राख निघाली, पत्र्याचा डबा अर्धा भरेल एवढी.
एवढ्यासाठी? इरफान म्हणाला.
नानांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली,
काही वाचता येतंय का बघितलं असावं.
कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं, ही कुठे टाकायची?
तो म्हणाला, ताई, ओला की सुका, तेवढं सांगा.

मला सांगता आलं नाही.
डबा अजून बाकाखाली आहे,
झाकणावर खडूने गाडीचा नंबर लिहिलाय.