गाठ

नर की मादी, हे तोमिए अंगठ्यानं ओळखते.
पोटावरून एकदा फिरवला की झालं.
मादी डावीकडे; तिच्या केशरी अंड्यांना
तोक्योत सोन्याचा भाव.
नर उजवीकडे. वाकड्या जबड्याचा सामन,
मेल्यावरही भांडणाचा शेवटचा शब्द
तोंडात राहून गेलेला.
त्याच्या पोटात दुधाळ, लांबट पिशव्या.
शिराको म्हणतात इकडे त्यांना.
शब्द फोडला तर: पांढरं मूल.

हे मूल निळ्या पिंपात पडतं
आणि पिंप दक्षिणेला जातं, कुठल्याशा कंपनीत.
बेचाळीस ऑक्टोबर झाले.
पुढं त्याचं काय होतं, तिनं विचारलं नव्हतं.
विचारायला पट्टा थांबावा लागतो.

यंदा थांबला. मोटर जळाली.
कंपनीचा पोरगा आला होता पिंपं मोजायला,
शुनपेई, चष्म्यावर वाफ, पायात कोरे गमबूट.
शिबेत्सुच्या त्या गार शेडमध्ये
सात बाया हात काखेत घालून उभ्या.
त्याला काय वाटलं कोण जाणे,
म्हणाला, दाखवू?

चहाच्या खोलीत
त्यानं एक शिराको ठेचला,
मीठ घातलं, चांगलं मूठभर,
भांड्यांचा साबण चार थेंब,
फडक्यातून गाळलं,
आणि बर्फात ठेवलेलं अल्कोहोल
ग्लासाच्या कडेनं सोडलं, इतकं हळू,
झोपलेल्यावर पांघरूण घालावं तसं.
बायांची कुजबुज थांबली.
खालचं पाणी आणि वरचं पाणी
जिथं एकमेकांना शिवत होतं
तिथं पांढरं काही उगवायला लागलं.

तोमिएनं चॉपस्टिक घातली, फिरवली.
गुंडाळत आलं.
येतच राहिलं.
बापाची जाळी ती बाराव्या वर्षापासून विणायची,
धागा म्हणजे काय हे तिला कुणी सांगू नये.
‘कशाचा?’
‘साखरेचा. म्हणजे साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट,
आणि आतल्या अंगाला चार तऱ्हेचे मणी.’
साखर म्हटल्यावर तिनं जिभेला लावलं.
पोरगा ओरडेपर्यंत उशीर झाला होता.
‘खारट,’ ती म्हणाली. ‘साबणही आहे.’

मग:
‘गाठ कुठाय?’
‘कसली गाठ?’
‘एवढा धागा एवढ्याशात ठेवायचा
तर बांधावा लागतो. नाहीतर गुंता.’

एकेका पेशीत दोन-दोन हात धागा आहे
हे तो सांगणार होता, ते तिनं आधीच मोजलं होतं.
शुनपेई पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसला.
गाठ होती, म्हणाला. मिठानं सुटली.
प्रोटामिन. चिमुकलं प्रथिन,
धाग्याला चहूकडून आवळून बसतं.
तेही आम्ही विकतो, इस्पितळांना.
हृदय उघडतात तेव्हा रक्त गोठू नये म्हणून
एक औषध देतात, तेही असंच धाग्यासारखं;
काम संपलं की ते आवरायला हे सोडतात.
हे त्यालाही मिठी मारतं.
मग रक्त पुन्हा रक्तासारखं वागतं.

तोमिएनं चॉपस्टिक ग्लासात परत ठेवली.

मार्च. कुशिरो. कानेजो आत, सहा तास.
बाहेर ती आणि एक कॉफीचं मशीन,
जे नाणं घेत होतं आणि कॉफी देत नव्हतं.
मास्क खाली ओढत सर्जन म्हणाला होता,
रक्त वेळेवर थांबलं.
थांबलं, एवढंच.
कुणी थांबवलं, ते नाही.

पट्टा खडखडला. बाया उठल्या.
शुनपेईनं पिंपं मोजली, चुकला, पुन्हा मोजली.
उजवीकडच्या एका नराशी
तिचा अंगठा जरा जास्त वेळ थांबला,
मागची म्हणाली, काय गं, मादी आहे का?

रात्री कानेजोपुढं वाडगा आला.
मिसोच्या सूपात शिराको.
‘मला हे बुळबुळीत आवडत नाही,
चाळीस वर्षं सांगतोय.’
‘खा,’ ती म्हणाली.
‘तुमची गाठ पडलीय आधी.’
त्यानं वाडग्यात वाकून बघितलं.
‘कधी?’

ती आलं किसत होती.