पावणेआठ

शपथ हिंदीत घेतली.
"जो कहूँगा, सच कहूँगा."
मराठीत म्हणावं लागलं असतं
तर जीभ टाळ्याला चिकटली असती बहुतेक.

सांगितलं : घोरपड्यांचा हेमंत
त्या रात्री पावणेआठला माझ्या दुकानाच्या दारात उभा होता,
लश्करात, सराफ्याच्या तोंडाशी.
पाहिला, म्हणालो. या डोळ्यांनी.

या डोळ्यांत तेव्हा औषधाचे थेंब होते
आणि मी मागच्या फळीवर आडवा, कपाळावर हात.
त्याची आई आदल्या दिवशी येऊन बसली होती,
तासभर. काही मागितलं नाही तिने.

पोरगा सुटला.
मग महिन्याने समोरच्या पेढीच्या कॅमेऱ्यात सापडला,
माझ्याच दारात. पावणेआठ. मिनिटाचा फरक नाही.

कान्हेरे वकिलांनी पाठीवर थाप मारली,
"काका, तुम्ही तर खरंच बोललात की!"

कायद्यात काय लिहिलंय, विचारलं.
ते चष्मा पुसत राहिले.
शपथ हवी, म्हणाले. होती.
विधान हवं. तेही होतं.
आणि बोलणाऱ्याच्या मनाला ते खरं वाटत नसलं,
की झालं. घडलेलं काही का असेना.

गिऱ्हाईक दारात आलं की कधीकधी
बंद घड्याळाचा काटा मी बोटाने वेळेवर आणून ठेवतो.
बरोबर दाखवतं.
कानाला लावलं तर कळतं.

परवा हेमंतची आई पेढे घेऊन आली.
"मला ठाऊक होतं, तुम्ही पाहिलंच असणार."

हो म्हणालो.
शपथेवर नव्हतो.