नेश

प्रश्न एकशे बारावा: जराशा वाऱ्यानंही
ज्याला हुडहुडी भरते, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

ऑल्सपांच्या स्वयंपाकघरात मी पेन्सिलीला टोक करून बसलेली.
बाहेर डर्बीशायरचा फेब्रुवारी,
दगडी बांधांवर अडकलेली मेंढ्यांची लोकर
ताठ गोठलेली.
म्हातारा शेगडीत कोळसा सारत होता,
चाळीस वर्षं जमिनीखालून काढला तोच.
"नेश," तो म्हणाला. एवढंच.
आणि एका रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

मी कार्डावर लिहिलं: विशेषण.
थंडी न सोसणारा. हिणवताना वापरतात.

मग त्यानं तो वापरून दाखवला,
धार दाखवावी तसा.
पिंजऱ्यातून खाणीत उतरताना जो मफलर बांधी, तो नेश.
अंघोळीचं पाणी अजून थोडं तापवा म्हणे, तो नेश.
डोळे ओलावले
आणि ज्यानं कोळशाच्या धुळीवर ढकललं नाही,
तो तर नेशच.
"आमचा क्लेमेंट..." म्हणाला, आणि चिमटा खाली ठेवला.

थर्झा पाठमोरी पीठ मळत होती.
वळली नाही.
"पोरवयात मी ज्या गोठ्यावर कामाला होते,
तिथली मालकीण पावाला म्हणायची नेश.
नुकता भट्टीतून काढलेला, आत वाफ कोंडलेला.
कोकराच्या कानाला म्हणायची. मार्चातल्या गवताला.
एकदा तर देवालासुद्धा,
गारा न पडता पीक घरात आलं त्या वर्षी."
"देव नेश!" म्हातारा खोकत हसला.
मी दुसरं कार्ड घेतलं.

रात्री खानावळीतल्या खोलीत
हातमोज्यांसकट जाडा कोश उघडला.
हजार वर्षांपूर्वी या शब्दाला पुढे एक ह होता,
काचेवर हाः करावं तसा.
ह्नेशे.
अर्थ: मऊ. कोवळा.
थंडीचं नावही नाही.
तो ह कुठे गेला, कोश सांगत नाही.
मला वाटतं, चारचौघांत कुणीतरी हसलं असेल
आणि शब्दानं आपली वाफ आतच ठेवली.

दुसऱ्या दिवशी गेले तर
म्हातारा दोन्ही हात पसरून बसलेला,
मनगटांवर करड्या लोकरीची लड.
थर्झा गुंडा करत होती.
टेबलावर पत्र, कॅनडाचं तिकीट लावलेलं.
क्लेमेंट सॅस्कॅचेवानात गुरं राखतो.
तिथे पापण्या गोठतात, लिहिलंय त्यानं,
आणि थुंकी जमिनीवर पडेतो तिचा खडा होतो.
बाकी बरा आहे.

माझ्या कार्डावर 'वापर' या रकान्यात
बोटभर जागा उरली होती.
मी काही विचारलं नाही.

"दुहेरी विण," तो तिला म्हणत होता,
"गळा वरपर्यंत घे.
नेश आहे तो."

मी ते लिहून घेतलं, शब्दाला शब्द.
पुढचा प्रश्न चिखलाबद्दल होता.